हैबतरावांकडचा टब

रोहा
३ ऑक्टोबर १९९६

ती. मोरूमामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोन ह्यांच्या खाटेच्या उशाशी आहे, आणि मला जे विचारायचंय ते ह्यांच्यासमोर बोलवत नाही.

ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला आता पाचवा महिना लागला. उजवा हात बराच सुधारलाय, चमचा धरतात, वाकडीतिकडी का होईना सही करतात. पाय मात्र तसाच, कोणी दुसऱ्याचा आणून जोडावा तसा. इथले डॉक्टर म्हणतात, कोमट पाण्यात बसवून व्यायाम दिला तर फरक पडेल, पाण्यात पायाला स्वतःचं ओझं होत नाही. मुंबईला अशी सोय आहे, पण रोज कोण नेणार? त्यांनीच मग एका मासिकातलं चित्र दाखवलं. फायबरचा मोठा टब, आत बसायला बैठका, मोटर पाणी खेळतं ठेवते आणि हीटर ते गरम ठेवतो. नवा घेणं आपल्याला झेपणारं नाही. पण अलिबागकडच्या बंगल्यांतून असे टब निघतात आणि वडखळ नाक्यावर विकायला येतात, असं आमच्या शाळेतल्या एका बाई सांगत होत्या.

तुमचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. पंप, पाइप, जोड तुम्हाला कळतात. जुना असू दे, पण भरवशाचा बघा. गळका निघाला किंवा शॉक द्यायला लागला तर ह्यांना त्यातून पटकन उठताही येणार नाही.

धाटावच्या कंपनीने मार्चपर्यंत ह्यांची जागा ठेवतो म्हटलंय. शिफ्टभर उभं राहता आलं तर. हे त्यावर काहीच बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "नमिता, हल्ली सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

तुमची,
नमिता


पेण
१६ ऑक्टोबर १९९६

चि. नमिता,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वडखळला जाऊन आलो. मामी म्हणाली, जेवून तरी जा. जेवून गेलो.

पहिला टब जुना माल विकणाऱ्या पोपटच्या गोडाऊनमध्ये पाहिला. बाहेरून नवरीसारखा. मी विचारलं, "पोपटशेठ, जुन्या वस्तूला नवा रंग कशाला?" तर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक रंगच बघतं." बैठकीखाली हात घालून चाचपलं, तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली भेग बोटाला लागली. तो सोडला. दुसऱ्याची मोटर सुरू करताच अशी घरघर, की बेअरिंग कधीच गेलेलं. शिवाय हीटर जळका. तोही सोडला.

तिसरा मात्र चांगला वाटतो. वडखळहून अलिबाग रस्त्याला लागलं की थोडं आत हैबतराव दळवी म्हणून एक गृहस्थ राहतात. बोटीवर इंजिनिअर होते. त्यांची मुलगी प्रतीक्षा दहा-अकरा वर्षांची आहे, तिच्या पायांत जन्मापासून जोर नाही. तिच्यासाठी हा टब घेतलेला. तिची आई रोज तिच्यासोबत पाण्यात बसून व्यायाम करून घ्यायची. ती बाई गेल्या वर्षी वारली, आणि त्यानंतर पोर टबाकडे फिरकायलाही तयार नाही. नाव काढलं की थरथरते. म्हणून विकायचाय.

जुनी वस्तू घेताना नको ते प्रश्न विचारावे लागतात. मी विचारलं, "बाई टबात तर नाही ना गेल्या?" ते म्हणाले, "नाही हो. काविळीने मुंबईच्या हॉस्पिटलात." बोलताना नजर चोरत नव्हते.

काळुरामला बरोबर नेलं होतं. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे वायरिंग करतो, हात चोख आहे. त्याने हीटर, मोटर, स्विच उघडून पाहिले. म्हणाला, "साहेब, वायर तेवढी बदलाया लागंल. बाकी माल एक नंबर हाय." मग टब काठाखाली वीतभर सोडून भरला, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारली आणि रात्रभर तसाच ठेवला. गळका असेल तर सकाळी पाणी रेघेच्या खाली जातं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, पाणी खाली गेलेलं नव्हतं. उलट रेघेच्या दोन बोटं वर होतं. नळ ठिबकत असणार, किंवा माझी रेघ चुकली. गळका नाही एवढं नक्की.

होकार असेल तर कळव. टेम्पो मी ठरवतो. बल्लाळरावांना म्हणावं, मामा तुमच्यासाठी बंगलेवाल्यांचं सुख पाठवतोय.

मोरूमामा


रोहा
३१ ऑक्टोबर १९९६

ती. मामा,

टब आला. टेम्पो कासूजवळ पंक्चर झाला म्हणून तिन्हीसांजेला पोचला. मागच्या पडवीत बसवला. काळुराम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राबले. वेगळी वायर ओढली, खांबाला बटण बसवलं. पायाशी पाणी सोडणाऱ्या दोन तोट्या जुन्या होत्या, त्या त्यांनी बंद करून टाकल्या. आता वरच्या तेवढ्या चालतात.

ह्यांना आत बसवायला मी, धोंडूबाई आणि शेजारचे केरूभाऊ असे तिघे लागलो. धोंडूबाई म्हणजे आमच्याकडे झटका आल्यापासून ह्यांचं सगळं करतात त्या. नदीपलीकडच्या आहेत, अंगाने दणकट, माणसाला लेकरासारखं उचलतात. हे पाण्यात बसले आणि डोळे मिटून घेतले.  मग म्हणाले, "हलतोय."

मामा, खरंच हलत होता. उजवा पाय. आधी पुढे, मग मागे, सावकाश. मी पाण्यातून स्पष्ट पाहिला. मी रडायला लागले तर हे हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

"कसं वाटतंय?" विचारलं, तर म्हणाले, "पाणी पायाला धरतंय."

धोंडूबाईंचं वेगळंच. त्या काठावर सांडलेलं पाणी पुसत होत्या. म्हणाल्या, "गो ताय, येवढं कशाला भरलंस? एका मानसापुरतं भरावं." मी तर काळुरामांनी सांगितलं तेवढंच भरलं होतं.

तुमचे उपकार कसे मानू? दिवाळीला इकडेच या.

नमिता


पेण
६ नोव्हेंबर १९९६

चि. नमिता,

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने देवापुढे साखर ठेवली. दिवाळीला येणं काही जमत नाही, तिचा दमा थंडी पडली की उठतो.

एक गोष्ट मनात राहिली म्हणून विचारतो. तोट्यांतून पाणी जोरात येतं, त्याने पाय ढकलला जातो आणि माणसाला वाटतं आपणच हलवला. पण तू लिहितेस की पायाजवळच्या तोट्या काळुरामने बंद केल्यात. मी त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "पक्क्या बंद हायेत. तिथनं थेंब नाय यायचा." मग पाय हलतो तो बल्लाळरावांच्याच जोराने, दुसरं काय. तरी एकदा मोटर पूर्ण बंद करून पाहा. पाणी स्थिर असताना हलला तर खरं मानू.

मोरूमामा


रोहा
१८ नोव्हेंबर १९९६

ती. मामा,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मोटर बंद केली आणि पाणी निवांत होऊ दिलं. वरून तळ दिसत होता. पाय हलत होता, पुढे-मागे, अगदी एका लयीत.

मला वाटलं, आपणही थोडा हात लावावा, मदत होईल. बाह्या वर सारून पाण्यात हात घातला आणि ह्यांचा घोटा धरायला गेले. तिथे आधीच कोणीतरी धरलेलं होतं.

दुसऱ्या शब्दांत मला हे सांगता येत नाही. दिसत काहीच नव्हतं. पण माझी बोटं ह्यांच्या कातडीपर्यंत पोचेनात. मग माझा हात बाजूला सारला गेला. जोराने नाही. लग्नघरात चार बायका एका चुलीशी असल्या की एक दुसरीचा हात बाजूला सारते ना, तसा.

मी हात काढून घेतला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कळलं तुला," म्हणाले. "मी सांगणारच होतो. घाबरू नकोस. वाईट नाही ती."

"ती?"

"पहिल्या दिवसापासून आहे. व्यायाम करून घेते. दमत नाही, चिडत नाही. आणि मला जपून धरत नाही, नमिता. तुम्ही सगळे मला काचेचा असल्यासारखे धरता."

मामा, मी पदवीधर बाई आहे, शाळेत विज्ञान शिकवते. पण दोन रात्री विचार करून माझं मन एकाच ठिकाणी येतंय. हैबतरावांची बायको. जिने इतकी वर्षं त्या पाण्यात बसून लेकीचे पाय हलवले, तिचे हात तिथून सुटले नसतील. काल टबाच्या काठाला हळदीकुंकू लावलं. भीती गेली. पण एक बोचतंय. ज्या पोरीची ती आई, ती तिकडे आईवाचून बसली आहे, आणि तिच्या आईचे हात माझ्या नवऱ्याच्या कामी येतायत. तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाऊन याल का?

नमिता


पेण
२७ नोव्हेंबर १९९६

चि. नमिता,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं नाही.

मी तुला खोटं पाडत नाही. लहानपणापासून तू उगाच बोलणारी मुलगी नव्हतीस. पण सहा महिने तू शाळा, घर आणि आजारपण एकटीने ओढते आहेस. थकलेल्या माणसाचे हातसुद्धा त्याला फसवतात. एवढंच माझं म्हणणं.

हैबतरावांकडे गेलो होतो. तुझं काही सांगितलं नाही. टब नीट चालतोय, हे सांगायला आलो म्हटलं. त्यांनी चहा केला आणि बायकोबद्दल बोलत बसले. मालतीबाई नाव. पाढे म्हणत व्यायाम घ्यायच्या. बेचा पाढा डाव्या पायाला, तीनचा उजव्या.

प्रतीक्षा खिडकीशी खुर्चीवर बसली होती. मुलगी हुशार आहे. मला म्हणाली, "आजोबा, त्यात आता कोण बसतं?"

म्हटलं, "माझे जावई. त्यांच्या पायाला बरं नाही."

"त्यांना एकट्याने बाहेर येता येतं?"

म्हटलं, "नाही बाळा. धरून काढावं लागतं."

त्यावर तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि मी निघेपर्यंत इकडे पाहिलं नाही. हैबतराव मला फाटकाशी म्हणाले, "आईची आठवण आली असणार." मलाही तेच वाटलं.

तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. पाण्याबाहेर पाय कसा आहे? खाटेवर हलतो का? ते लिही.

मोरूमामा


पेण
१९ डिसेंबर १९९६
(पोस्टकार्ड)

चि. नमिता, तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. फोन केला तर बल्लाळरावांनीच उचलला. "सगळं छान आहे, मामा," म्हणाले आणि ठेवून दिला. मागे मोटरचा आवाज येत होता. फोन आता पडवीत नेला आहे का? दोन ओळी तरी लिही. मो.


रोहा
२६ डिसेंबर १९९६

ती. मामा,

उत्तर टाळत होते. तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

पाण्याबाहेर पाय हलत नाही. कधीच हलला नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी तुम्हाला पाण्यातलं लिहीत गेले, कारण तेवढंच लिहिण्यासारखं होतं. वाटायचं, आज ना उद्या खाटेवरही हलेल. आता डावा पायही ढिला पडलाय. चांगला पाय, मामा. डॉक्टर तपासून गेले. म्हणतात, दुसरा झटका दिसत नाही, त्यांनाही समजत नाही. त्यांना पाण्यातलं मी काय सांगणार?

सुरुवातीला अर्धा तास बसायचे. आता सकाळी मी शाळेत जायच्या आधी बसवा म्हणतात, ते मी परत येईपर्यंत. जेवण तिथेच, फोन तिथेच. बाहेर काढायचं म्हटलं की चिडतात. मागच्या आठवड्यात मी, धोंडूबाई आणि केरूभाऊंनी मिळून काढायला घेतलं, तर निघेनात. हे काही धरून बसले नव्हते. दोन्ही हात आमच्या खांद्यांवर होते. धोंडूबाईंनी मध्येच सोडून दिलं आणि मागे सरकल्या. म्हणाल्या, "मानसाचा भार मला नवा नाय, गो ताय. पन ह्यो भार एकाचा नाय." त्या दिवसापासून पडवीचा उंबरा ओलांडत नाहीत. पुढच्या घरातलं सगळं करतात, तिकडे येत नाहीत.

मी काठाशी बसून त्या बाईशी बोलले. हसू नका. म्हटलं, मालतीबाई, तुमची लेक वडखळला आहे, ह्यांना सोडा. काही झालं नाही. पाय हलतच राहिला. आता तर दोन्ही हलतात, सायकल चालवल्यासारखे, आणि हे वरती डोळे मिटून पडलेले.

मला वाटतं, तिला तिची मुलगी भेटली तर ती ह्यांना सोडेल. हैबतरावांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण प्रतीक्षाला एकदा इकडे पाठवा. माझ्याजवळ दुसरा उपाय नाही.

नमिता


पेण
१ जानेवारी १९९७

नमिता,

हैबतरावांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, घरातून हाकलतील. ते नुसते बसून राहिले. म्हणाले, "ती असेल तर मलाही यायचंय." प्रतीक्षा दाराआड ऐकत होती. आपणहून म्हणाली, "मी येते. पण पाण्यात जाणार नाही."

रविवारी दुपारी ते दोघं जीपने येतील. काळुराम बरोबर असेल. मामीचा दमा फार वाढलाय, तिला सोडून मला निघता येत नाही, नाहीतर आलो असतो. तोवर जमलं तर बल्लाळरावांना टबात बसवू नकोस. झाल्यावर लगेच लिही.

मोरूमामा


रोहा
६ जानेवारी १९९७

ती. मामा,

काल ते लोक आले. जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास राहायचा नाही.

ह्यांना टबात बसवायचं नव्हतं. पण सकाळी इतके कासावीस झाले की केरूभाऊंनी आणि मी बसवलं. जीप आली तेव्हा उन्हं पडवीत आली होती. हैबतरावांनी प्रतीक्षाला कडेवर आणलं आणि टबापासून लांब, भिंतीशी खुर्चीवर ठेवलं. मग स्वतः काठाशी जाऊन उभे राहिले. पाण्याकडे बघत म्हणाले, "मालती." दोन-तीनदा म्हणाले. उंच, भरदार माणूस, पण आवाज अगदी बारीक निघत होता. पाणी तसंच राहिलं. ह्यांचे पाय हलत होते.

प्रतीक्षा म्हणाली, "बाबा, ती आई नाही."



तिने ह्यांना विचारलं, "काका, ते कुठे धरतं तुम्हाला?"

ह्यांनी डोळे उघडले. "घोट्याच्या वर. दोन्हीकडे."

"आई तिथे धरायचीच नाही. आई टाचेखाली हात ठेवायची. नुसता ठेवायची." तिने आपला तळहात उताणा करून दाखवला. "पाय मलाच उचलावा लागायचा. रोज दुखायचं. मी पुरे म्हटलं की आई हात काढून घ्यायची."

हैबतराव तिच्याकडे वळले. ती त्यांच्याशीच बोलायला लागली. "आई गेल्यावर तुम्ही मला एकदा पाण्यात बसवलंत ना, फोन आला म्हणून आत गेलात. तेव्हा कोणीतरी घोट्याच्या वर धरलं. मला पण वाटलं आई आली. मला काहीच करावं लागत नव्हतं, पाय आपोआप हलत होते. मी म्हटलं, आई, पुरे. सोडलं नाही. परत म्हटलं. मग खाली ओढायला लागलं. मी ओरडले तेव्हा तुम्ही आलात. मी तुम्हाला सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, आईची आठवण येते तुला."

हैबतराव खुर्चीजवळ खालीच बसले. त्यांचा हात तिच्या पावलावर होता.

मग ती ह्यांना म्हणाली, "काका, तुम्ही पुरे म्हणून बघा."

ह्यांनी डोळे परत मिटून घेतले. मामा, त्यांना ते म्हणायचंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. मी म्हटलं, "म्हणा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पुरे."

पाय हलायचे थांबले. मला वाटलं, सुटलं. पण हे एकदम हनुवटीपर्यंत पाण्यात गेले. पाणी काठावरून माझ्या पायांवर आलं. ते "पुरे, पुरे" म्हणत होते. हैबतराव आणि काळुराम धावले, दोघांनी काखेत हात घालून धरलं. काळुराम ओरडले, "ताई, पानी सोडा खालनं." मी टबामागे जाऊन खालचा कॉक फिरवला.

पाणी जायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. दोघे ताणून धरून होते आणि पाणी इंचाइंचाने उतरत होतं. ते पोटरीखाली गेलं तेव्हा मी पाहिलं, दोन्ही पाय पाण्यावर उचललेलेच होते. अधांतरी, जरासे ताणलेले. पाणी संपलं, तळाशी गुरगुर झाली आणि पाय धाडकन खाली पडले. त्यानंतर हे इतके हलके झाले की काळुरामांनी एकट्याने उचललं.

खाटेवर मी त्यांचे पाय पुसले. दिवसभर पाण्यात राहून कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. फक्त घोट्यांच्या वर, चार बोटं रुंदीचा एकेक पट्टा गुळगुळीत आणि कोरडा होता. जणू तिथे पाणी लागलंच नव्हतं.

मी हैबतरावांना विचारलं, टब तुम्ही नवा घेतला होता का? म्हणाले, नाही. मुंबईत एका हॉटेलाचं सामान लिलावात निघालं होतं, तिथून घेतला. हॉटेलवाल्यांनी कुठून आणला हे त्यांना ठाऊक नाही. ते हॉटेलही आता नाही.

टब परत पाठवते आहे. काळुरामांनी टेम्पोत चढवलाय. कोणाला विकू देऊ नका.

नमिता


पेण
१५ जानेवारी १९९७

चि. नमिता,

टब फोडला. वडखळजवळ काळुरामच्या भावाच्या मोकळ्या जागेत उतरवून घेतला आणि मी स्वतः समोर उभा राहिलो. दोन गडी घणाने फोडत होते. फायबर चिवट असतं, सकाळची दुपार झाली. पोपटला कुठून तरी वास लागला. म्हणाला, "साहेब, मोटर तरी द्या, चालू माल हाय." मी दिली नाही. तीही फोडली. तुकडे खड्ड्यात पुरून वर मुरूम टाकला.

पहिला घाव पडला तेव्हा आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज झाला. टब कोरडा होता, मी हात फिरवून पाहिला होता. गड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मारा.

तू भरवशाचा टब बघा म्हणालीस. मी भेग पाहिली, बेअरिंग पाहिलं, हीटर पाहिला, रात्रभर पाणी भरून पाहिलं. यात कोणी मेलं का, हेसुद्धा विचारलं. याहून जास्त तपासता आलं असतं असं मला अजून वाटत नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं. आता मामीने घरात येणाऱ्या प्रत्येक जुन्या वस्तूला बंदी केली आहे.

हैबतराव परवा येऊन गेले. लेकीला आता तेच व्यायाम देतात, जमिनीवर चटई टाकून. त्यांना पाढे नीट येत नाहीत, ती त्यांना सुधारते.

बल्लाळराव कसे आहेत ते लिही. खरं लिही.

मोरूमामा


रोहा
९ मार्च १९९७

ती. मामा,

खरंच लिहिते.

पहिले तीन आठवडे ह्यांनी माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. पडवीतल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून पडून राहायचे. मी पाण्याची बादली नेली तरी मान वळवून बघायचे. एकदा रागाने म्हणाले, "तिथे मला काही करावं लागत नव्हतं. तुला कळायचं नाही." मी उत्तर दिलं नाही. कळत होतं, म्हणूनच दिलं नाही.

डावा पाय फेब्रुवारीत परत आला, हळूहळू, मुंग्या येत येत. कंपनीचं पत्र आलं, जागा भरली म्हणून. मी ते लपवलं नाही, हातात दिलं. वाचून म्हणाले, "बरं झालं, आता घाई नाही." धोंडूबाई पडवीत यायला लागल्या आहेत. आधी सगळी शेणाने सारवली, मगच आल्या.

रोज शाळेत जाण्यापूर्वी मी चटईवर बसते आणि ह्यांच्या उजव्या टाचेखाली हात ठेवते, त्या पोरीने दाखवला तसा. नुसता ठेवायचा. धरायचं नाही. घोट्याला तर कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही, मोजा चढवतानासुद्धा अंग आक्रसून घेतात. महिनाभर काहीच झालं नाही. हात अवघडायचा, मग मी उठून डबा भरायला जायचे.

काल तशीच बसले होते. ह्यांच्या कपाळावर घाम आला. म्हटलं, बरं वाटत नाही का? त्यांनी मान हलवली, बोलू नको अशी. दात आवळलेले होते. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "पुरे." मी लगेच हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

तेव्हा अंगठा वाकला. एवढासा. परत सरळ झाला आणि पाय थरथरत राहिला.

"दुखलं," हे म्हणाले. धाप लागली होती. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हलवला."

मी विचारलंही नव्हतं.

नमिता